आधी काळा काळा दिसू द्या

जुने कृष्णधवल रहस्यपट रंगवून दाखवावेत की आहेत तसेच, या वादाला एआयमुळे पुन्हा तोंड फुटलं आहे. ज्या कामाला पूर्वी मोठी कंपनी, पैसा आणि कित्येक महिने लागत, ते आता घरच्या संगणकावर होतं, आणि गुलाबी गालांचा, निळ्या सुटांचा एखादा जुना प्रसंग मोबाइलवर येऊन आदळतो. कोल्हापूर हे सिनेमाचं गाव, त्यामुळे या विषयावर मत नसलेला माणूस इथे सापडणं कठीण. पण वाद ज्या तऱ्हेनं चालतो ते ऐकून कपाळावर हात मारावासा वाटतो. एक बाजू म्हणते, पोरांना ब्लॅक अँड व्हाइट बघवत नाही, रंगवा आणि मोकळे व्हा. दुसरी म्हणते, अभिजात कलाकृती आहे, हात लावाल तर खबरदार. पहिल्यांनी पोरांना विचारलेलं नसतं, आणि दुसऱ्यांनी ती कलाकृती शेवटची नीट कधी दाखवली होती हे त्यांनाही आठवत नसतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. नॉयर जातीचे, म्हणजे गडद सावल्यांतून गुन्ह्याची गोष्ट सांगणारे रहस्यपट तरी रंगवू नयेत. ते पवित्र आहेत म्हणून नव्हे. त्यांची निम्म्याहून अधिक कारागिरी काळ्यात मुरलेली आहे म्हणून. आणि तरुण प्रेक्षक कृष्णधवल चित्रपटाला कंटाळतो, हा निष्कर्षच फसलेल्या प्रयोगावरून काढलेला आहे. त्यानं कृष्णधवल चित्रपट पाहिलेलाच नाही. त्याला दाखवला गेला तो करडा चित्रपट.

या चित्रपटांत खुनी कोण हा प्रश्न अनेकदा दुय्यमच असतो. 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) सुरू होतो तोच खुन्याच्या कबुलीनं: विमा कंपनीचा एजंट रात्री ऑफिसात येतो आणि डिक्टाफोनवर, म्हणजे आवाज नोंदवणाऱ्या यंत्रावर, सगळं सांगून टाकतो. मग पावणेदोन तास प्रेक्षक खुर्चीला खिळून राहतो तो कशासाठी? शहाणासुरता माणूस डोळ्यांदेखत कसा घसरत जातो ते बघायला. ही घसरण संवादांत आहेच, पण छायाचित्रकार जॉन साइट्झ यांनी ती उजेडातही मांडली आहे. नायिकेच्या बंगल्यातलं ऊन शिळं, धुळकट वाटावं म्हणून त्यांनी हवेत धातूची बारीक पूड उडवली. खिडकीवरच्या आडव्या पट्ट्यांच्या पडद्याची सावली माणसाच्या अंगावर पडते तेव्हा त्याचा गुन्हा घडायचाय, पण पडद्यावर गज आधीच उमटलेत. याच चित्रपटात एका फ्लॅटचं दार बाहेर, व्हरांड्यात उघडतं. असं दार तिथल्या इमारतींत नसतं. पण नायिकेला दाराआड लपवायचं होतं, म्हणून दार उलटं बसवलं. तर्कापेक्षा वातावरणाला मान देणारी ही मंडळी होती, आणि तेवढा वेळ प्रेक्षकाला दार खटकत नाही.

हे वातावरण 'मूड' म्हणून हवेतून येत नाही. त्याला मापं असतात. साध्या कौटुंबिक प्रसंगात चेहऱ्याच्या उजळ बाजूवर अंधाऱ्या बाजूच्या दुप्पट-तिप्पट उजेड असतो. नॉयरमध्ये हे प्रमाण आठास एक किंवा त्याहून जास्त, आणि पुष्कळदा फिल लाइट, म्हणजे सावलीची बाजू उजळणारा दिवा, बंदच. खिडकीच्या पट्ट्यांचं तर सरळ गणित आहे. सावलीची कड किती बोथट होणार? दिव्याच्या तोंडाची रुंदी गुणिले पट्ट्यांचं भिंतीपासूनचं अंतर, भागिले दिव्याचं पट्ट्यांपासूनचं अंतर. दिव्याचं तोंड ८ इंच, दिवा पट्ट्यांपासून १६ फुटांवर आणि पट्ट्या भिंतीपासून ४ फुटांवर असतील तर कड २ इंच पसरते; म्हणजे २ इंची पट्टीची सावली जवळजवळ विरघळलीच. पट्ट्या भिंतीपासून फुटावर आणा, कड अर्ध्या इंचावर येते आणि रेघा कोरल्यासारख्या उमटतात. फ्रेस्नेल दिवा (सेटवरचा भिंगाचा दिवा) स्पॉटवर, म्हणजे अरुंद झोतावर असला की सावली बोथट पडते, पूर्ण फ्लडवर, म्हणजे पसरट झोतावर नेला की तीक्ष्ण होते. नवख्याला हे उलटं वाटतं, सेटवर केस पिकलेल्या लाइटदादाला नाही. ओल्या रस्त्याचंही तसंच. कोरडा डांबरी रस्ता रात्री नुसता मेलेला दिसतो. पाणी मारल्यावर तो चमकतो, पण दिवा कॅमेऱ्याच्या समोरच्या टोकाला असेल तरच. कॅमेऱ्याच्या बाजूनं दिवा लावून टँकरभर पाणी ओतलं तरी पडद्यावर काही येत नाही.

'द थर्ड मॅन'मधला (१९४९) तो प्रसिद्ध दरवाजा घ्या. दिग्दर्शक कॅरल रीड, छायाचित्रकार रॉबर्ट क्रास्कर (त्यांना याच कामासाठी ऑस्कर मिळालं), आणि महायुद्धानंतरचं, चार राष्ट्रांनी वाटून घेतलेलं व्हिएन्ना. मेलेला म्हणून पुरलेला हॅरी लाइम तासाभराच्या चित्रपटानंतर पहिल्यांदा दिसतो तो असा: रात्रीची गल्ली, समोर एक काळंकुट्ट दार, त्यात फक्त बूट, बुटांशी घुटमळणारं मांजर. त्याचा मित्र दारूच्या भरात ओरडतो. त्या ओरडण्यानं वैतागून कुणीतरी वरच्या मजल्यावर दिवा लावतं, खिडकीतला उजेड तिरका खाली उतरतो आणि काळोखातून एक चेहरा बाहेर येतो, किंचित हसणारा. सगळा परिणाम एकाच गोष्टीवर उभा आहे: आधीचं दार खरोखर काळं असलं पाहिजे. तिथे आधीपासून माणसाचा आकार जाणवला, किंवा काळं आणि उजळ यांतलं अंतर कमी पडलं, तर उरतो तो फक्त एक माणूस, ज्याच्यावर कुणीतरी बॅटरी मारली.

आता हाच चित्रपट आपल्याकडे कसा दाखवला जातो ते पाहू. जागा म्हणजे एखाद्या कॉलेजचा हॉल किंवा भाड्यानं घेतलेलं सभागृह. भिंती पांढऱ्या, छत पांढरं. प्रोजेक्टर मीटिंगसाठी घेतलेला. लोक उशिरा येतात, म्हणून मागची एक ट्यूब चालू. चित्रपटगृहाच्या प्रमाणानुसार पडद्यावरचा पांढरा ४८ निट्स (निट म्हणजे पडद्याच्या उजळपणाचं माप) असावा लागतो. प्रोजेक्टर बरा असेल आणि त्याचा काळा पांढऱ्याच्या दोन हजाराव्या भागाएवढा असेल, तर काळा ०.०२४ निट्सवर येतो. मागच्या ट्यूबचा, पांढऱ्या भिंतींवरून उसळून आलेला, फक्त ५ लक्स (लक्स म्हणजे पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड पडद्यावर पडला की काळ्याची पातळी १.६ निट्सवर जाते. दोन हजारास एक असलेलं अंतर एकतीसास एक होतं. पांढऱ्याच्या तिसाव्या भागाखालचं सगळं त्या धुक्यात बुडालं. आणि नॉयरच्या चौकटीचा मोठा भाग नेमका तिथेच, त्या तळघरात राहतो. हिरव्या 'बाहेर' पाटीचा अर्धा निट उजेड जरी पडद्यावर पोचला, तरी दोन हजाराचे नव्वदच्या घरात येतात. एवढं झाल्यावर कुणीतरी मागून म्हणतं, 'लई अंधार दिसतोय, ब्राइटनेस वाढवा.' वाढवला जातो. काळ्यात दडवलेलं सगळं उघडं पडतं: सेटची कड, फिल्मचे दाणे, दारातला आकार.

इथेच संपत नाही. हे चित्रपट रुंदी १.३७ तर उंची १ अशा चौकटीत घडवलेले. प्रोजेक्टर १६:९ वर अडकलेला असतो आणि काळ्या पट्ट्या दिसल्या की ऑपरेटरला चूक झाल्यासारखं वाटतं. तो चित्र ताणतो. चेहरे तीस टक्क्यांनी रुंद होतात. रीड यांनी कॅमेरा मुद्दाम कलता ठेवला होता, इतका की दिग्दर्शक विल्यम वायलर यांनी त्यांना गमतीनं स्पिरिट लेव्हल (गवंड्याचं पातळी तपासायचं साधन) भेट दिली अशी आख्यायिका आहे. पण कलण्याचंही माप असतं: वीस अंशांनी कललेली इमारत ताणल्यावर पंचवीस अंशांनी कलते. ताणायचं नाही म्हणून चित्र मोठं करून वरखाली कापलं, तर उंचीचा साधारण तेवीस टक्के भाग जातो. खालून कापलं तर काय जातं? बूट आणि मांजर. शिवाय प्रत इंटरनेटवरून उतरवलेली, दहा वेळा दाबून लहान केलेली. दाबताना काटछाट सगळ्यात आधी अंधारात होते, कारण तिथे कुणाचं लक्ष नसतं असं यंत्र धरून चालतं. म्हणून सावलीत चौकोन चौकोन तरंगतात. हॉलच्या स्पीकरवर या चित्रपटाचे संगीतकार आन्टोन कारास यांची झिदर (एक तंतुवाद्य) पत्र्यासारखी वाजते, तो भाग वेगळाच. आणि या सगळ्याआधी पाऊण तास दीपप्रज्वलन, प्रास्ताविक आणि सत्कार. मग वीस वर्षांची पोरं उठून गेली, तर ती कशाला कंटाळली?

ही पोरं कृष्णधवल फोटो काढतात, लग्नाच्या रीलमध्ये भावनिक क्षण आला की रंग काढून टाकतात. त्यांच्या हातातल्या ओलेड पडद्याच्या फोनवर काळा पिक्सेल म्हणजे बंद पिक्सेल, खराखुरा काळा. दिवा मालवून अंथरुणात पाहिलेल्या सहा इंची पडद्यावर तो दरवाजा आपल्या हॉलमधल्या बारा फुटी पडद्यापेक्षा अधिक प्रामाणिकपणे दिसतो. रसिकांनी याची लाज बाळगायला हवी. रंगवणाऱ्यांपेक्षा आपलाच गुन्हा जुना आहे.

रंगवणाऱ्यांचे मुद्दे मात्र हसण्यावारी न्यावेत असे नाहीत. त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा असा: कृष्णधवल ही त्या दिग्दर्शकांची निवड नव्हती, ती परिस्थिती होती. रंगीत फिल्म महाग होती, ती परवडली असती तर त्यांनीही रंगच वापरला असता. यात बरंच तथ्य आहे. के. आसिफ यांनी 'मुगल-ए-आझम'ची (१९६०) काही रिळं रंगीत केली आणि सगळा चित्रपट रंगात करण्याची त्यांची इच्छा होती. २००४ साली तो रंगवून आला तेव्हा लोकांनी थिएटरात जाऊन पाहिला. मला त्या रंगवण्याबद्दल तक्रार नाही. दरबार, जडजवाहीर, शीशमहाल हा त्याचा विषय आहे, आणि कर्त्याची इच्छा नोंदलेली आहे. नॉयरच्या बाबतीतही काळोख अंशतः गरिबीतून आला हे मी मान्य करतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारनं एका चित्रपटाच्या सेटवर नव्या सामानासाठी ५००० डॉलरची मर्यादा घातली. जुनेच सेट पुन्हा वापरायचे तर ते अंधारात ठेवणं सोयीचं होतं.

पण म्हणून काय झालं? अडचणीतून निघालेली गोष्ट अडचण गेल्यावर रद्द होते का? पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी यंत्रसामग्री मिळेना म्हणून बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा तयार केला. तो नाइलाज होता म्हणून आज त्याचं मोल कमी धरायचं का? एकदा रंग नाही हे ठरलं की कारागीर रंगाशिवायच विचार करतो. कपडे, भिंती, रंगभूषा हे सगळं करड्याच्या कोणत्या पायरीवर उतरेल ते पाहून निवडलं जातं. पॅनक्रोमॅटिक (सगळ्या रंगांचा उजेड टिपणाऱ्या कृष्णधवल) फिल्मवर मध्यम लाल आणि मध्यम हिरवा एकाच करड्यात येऊ शकतात. त्या करड्यावरून मूळ कापड लाल होतं की हिरवं हे जगातलं कुठलंही यंत्र सांगू शकत नाही, कारण ती माहिती फिल्मवर उतरलेलीच नाही. एआय सांगतो ती सरासरी: आकाश निळं, गवत हिरवं, सूट गडद निळा, बॉम्बनं पडलेल्या इमारतीचा ढिगारा विटकरी. पडक्या व्हिएन्नाला ही सरासरी लावली की ते कुठलंही शहर होतं.

दुसरा मुद्दा तांत्रिक आहे आणि वरवर बिनतोड वाटतो. रंगवताना उजेडाची पातळी जशीच्या तशी ठेवतात, तिच्यावर फक्त रंगाचा थर देतात. मग सावल्यांना धक्का कुठे लागला? कागदावर बरोबर. पडद्यावर काळा म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही शून्य. शून्यात रंग भरता येत नाही. शून्याच्या जवळ भरलेला रंग डोळ्याला दिसत नाही. म्हणजे नॉयरच्या चौकटीचा मोठा भाग रंगवूनही काळाच राहणार आणि मधे एक गुलाबी चेहरा तरंगणार. ते विचित्र दिसतं, म्हणून रंगवणारा सावल्या उचलतो. रंग दिसावा म्हणून काळ्याचा करडा करतो आणि करड्याला निळी किंवा तपकिरी झाक देतो. आपल्या हॉलमधल्या ट्यूबनं जे केलं, तेच तो प्रतीत कायमचं करून ठेवतो. ट्यूब निदान बंद करता येते.

आपल्या भागाला हा प्रकार दुसऱ्या रूपात ठाऊक आहे. गावोगावच्या काळ्या दगडाच्या देवळांना जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइल पेंट फासला गेला. हेतू चांगला, वर्गणी गावाची. पण खिद्रापूरच्या कोपेश्वरासमोर उभं राहिलं की कळतं, बेसॉल्टच्या शिल्पाला उठाव येतो तो सावलीमुळे. कोरीव कामाची खोली डोळ्याला काळ्याच्या छटांतून कळते. तिथे पिवळा-गुलाबी चोपडला तर दागिन्यांचे तपशील वाढल्यासारखे वाटतात आणि शिल्प सपाट होतं. रंग देणाऱ्यानं दगड फोडलेला नसतो, हे खरंच. तरी पुरातत्त्ववाले तो रंग उतरवायला का धडपडतात?

'मूळ प्रत तर राहतेच ना, तुम्ही ती बघा' हा तिसरा मुद्दा. तत्त्वतः मान्य. व्यवहारात जी प्रत सहज मिळते तीच प्रत खरी ठरते. १९८० च्या दशकात अमेरिकेत टीव्ही उद्योजक टेड टर्नर यांच्या कंपनीनं 'द माल्टीज फाल्कन'सह कितीतरी चित्रपट रंगवून टीव्हीवर आणले. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांनी जाहीर विरोध केला, वाद अमेरिकन काँग्रेसपर्यंत गेला, आणि १९८८ च्या कायद्यानं जतन करायच्या चित्रपटांच्या राष्ट्रीय यादीतल्या चित्रपटात असे बदल केले तर तसं लेबल लावणं बंधनकारक झालं. फ्रान्सनं पुढचं पाऊल टाकलं. ह्यूस्टन यांच्याच 'द ॲस्फाल्ट जंगल'च्या रंगीत प्रतीबाबत तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये त्यांच्या वारसांच्या बाजूनं निकाल दिला. चित्रपट अमेरिकन, हक्क कंपनीकडे, तरीही कर्त्याचा नैतिक हक्क मोठा ठरला. आपल्याकडे? आपल्या कॉपीराइट कायद्यात कर्त्याच्या विशेष हक्कांचं ५७ वं कलम आहे खरं, पण चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. दिग्दर्शक आणि छायाचित्रकार या व्याख्येत बसतच नाहीत. प्रदर्शनानंतर साठ वर्षं उलटली की कॉपीराइटही संपतो. म्हणजे छायाचित्रकार योसेफ विर्शिंग यांनी 'महल'मध्ये (१९४९) टिपलेला काळोख कुणीही उद्या जांभळा करू शकतो, आणि वर त्याची परवानगी कुणाची घ्यायची हा प्रश्नच येत नाही. अशा देशात 'मूळ प्रत राहतेच' हे वाक्य फार भोळं आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्म गेल्या. प्रती आपोआप राहत नाहीत, त्या राखाव्या लागतात.

या मुद्द्यात एक गोष्ट मात्र मी रंगवणाऱ्यांच्या पदरात टाकतो. रंगवण्यापूर्वी निगेटिव्ह साफ करावी लागते, ओरखडे काढावे लागतात, चांगलं स्कॅन करावं लागतं. हा खर्च नुसत्या जतनासाठी करायला कुणी पुढे येत नाही, रंगाच्या आशेनं येतो. तर मग अट एवढीच घाला: ते स्वच्छ केलेलं कृष्णधवल स्कॅन त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, त्याच किमतीत उपलब्ध करा. तयारी आहे? असेल तर निम्मा वाद मिटला.

चौथा मुद्दा इतिहासाचा. बोलपट आला तेव्हाही जाणकारांनी नाकं मुरडली होती, मग आज रंगाला विरोध करणारे त्याच माळेचे मणी नाहीत का? उदाहरण चांगलं आहे, पण ते उलट्या बाजूनं साक्ष देतं. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' १९२५ चा, मूकपट. त्यातल्या काळोख्या झोपडीचं आणि विव्हळणाऱ्या कुत्र्याचं दृश्य चित्रपट निर्माते-दिग्दर्शक जे.बी.एच. वाडिया यांच्यासारख्या जाणकाराच्या लक्षात वर्षानुवर्षं राहिलं. 'सिंहगड'साठी (१९२३) पेंटरांनी कृत्रिम प्रकाश वापरला होता, म्हणजे अंधार कसा घडवायचा हे कोल्हापूर तेव्हाच शिकत होतं. बोलपटाचा जमाना आल्यावर पेंटरांनी काय केलं? जुन्या मूकपटावर आवाज चिकटवला नाही. १९३६ साली तोच विषय घेऊन नवा बोलपट काढला. ज्यांना हॅरी लाइम रंगात हवाय त्यांनीही नवा चित्रपट काढावा, रंगासाठी उजेड लावून. कोण अडवतंय?

आणि खुद्द रंगाची हकिकत तर याच गावची आहे. १९३३ साली प्रभातनं 'सैरंध्री' रंगीत करायचा घाट घातला. रंगीत प्रती काढायला व्ही. शांताराम फिल्म घेऊन जर्मनीला गेले. रंग भडक उतरले, प्रयोग फसला, पैसा गेला. पण जर्मनीत त्यांनी तिथले चित्रपट आणि तिथली प्रकाशयोजना पाहिली, आणि परतल्यावर प्रभातचा पुण्यातला पहिला चित्रपट आला तो 'अमृतमंथन' (१९३४): खोल सावल्यांचं मंदिर आणि टेलिफोटो लेन्सनं टिपलेला राजगुरूचा तो एक डोळा. रंग आणायला गेलेला माणूस सावली घेऊन आला. त्याच सुमारास तीच जर्मन शिस्त काही तंत्रज्ञांबरोबर मुंबईत बॉम्बे टॉकीजमध्ये आली आणि नाझींपासून पळालेल्या दिग्दर्शकांबरोबर हॉलिवूडला पोचली. 'महल' आणि 'द थर्ड मॅन' एकाच वर्षीचे आहेत हा योगायोग असेल. दोघांच्या सावल्यांचं घराणं एक आहे हा नाही.

शेवटचा आरोप उरतो तो उच्चभ्रूपणाचा. लोकांना जे आवडतं ते त्यांना बघू द्या, तुम्ही कोण ठरवणार? बरोबर आहे, मी कोणी नाही. पण निवड द्यायची तर दोन्ही गोष्टी पानात वाढल्या पाहिजेत. आज निवड आहे ती रंगीत प्रत आणि करडी प्रत यांत. तशी असेल तर मीही रंगीतच निवडीन. खरी काळी प्रत दाखवायला फारसा खर्च येत नाही. काळ्या सुती कापडानं पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती निदान दहा फुटांपर्यंत आणि वरचं छत झाका. 'बाहेर'च्या पाट्या सुरक्षेसाठी हव्यातच, पण त्यांचा रोख पडद्याकडे नको. वर पुठ्ठ्याची टोपी पुरते. प्रोजेक्टर 'सिनेमा' मोडवर ठेवा, 'व्हिव्हिड', 'डायनॅमिक' आणि हालचाल गुळगुळीत करणारी सगळी सोंगं बंद करा. प्लेअर १६ ते २३५ या पल्ल्यात चित्र पाठवत असेल आणि प्रोजेक्टर ० ते २५५ समजत असेल, तर काळा जन्मतःच करडा होतो. दोन्हीकडची सेटिंग जुळवा. टेस्ट पॅटर्न (जुळणीसाठीचं काळ्या-करड्या पट्ट्यांचं चित्र) लावून ब्राइटनेस इतका खाली आणा की काळ्याहून काळी पट्टी दिसेनाशी होईल आणि तिच्या शेजारची जेमतेम दिसेल. हे हॉल पूर्ण अंधारा करून करा, दुपारी खिडक्या उघड्या ठेवून नव्हे. चौकट ४:३ ठेवा आणि उरलेल्या पडद्यावर काळं कापड सोडा. सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटं दिवे मालवून बसा, म्हणजे डोळे सरावतात. भाषणं त्याच्याही आधी, बाहेर पोर्चमध्ये. आणि पहिली रांग रिकामी सोडा. तिथे नेहमी कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट बसतात, पडद्याचा उजेड त्यांच्यावरून उसळून परत पडद्यावर जातो. प्रमुख पाहुण्यांना सातव्या रांगेत बसवलं तर ते रागावतील, पण हॅरी लाइम दिसेल.